नरक्याची साल आणि कर्करोगाच्या पेशी

रिठद येथें माझे एक चुलतबंधु आहेत. त्यांस मोठ्या आंतड्याचा कर्करोग असल्याचें गेल्या पावसाळ्यांत निष्पन्न झालें व डॉक्टरांनीं इरिनोटेकन नांवाचें औषध शिरेंतून देण्यास आरंभ केला. हें औषध मूळचें झाडांतलें, असें कानावर येतांच एका फिरत्या वैदूनें सालीचा पुडा घरीं आणून दिला. “तेंच हें, काढा करून घ्या,” असें तो म्हणाला. बंधूंनीं औषधाची एक खेप टाळून काढा सुरू केला. तेव्हां या सालीचा व त्या औषधाचा संबंध काय, याचा मीं शोध घेतला. जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

झाडाचें नांव नरक्या. फुलांस दुर्गंधी येते म्हणून हें नांव. महाबळेश्वर, आंबोली अशा भरपूर पावसाच्या रानांत तें होतें. वऱ्हाडांतील आपल्या काळ्या जमिनींत तें सहसा कोणाच्या दृष्टीस पडलें नसेल. त्यांत कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य असल्याचें गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं १९७२ सालीं दाखविलें. तत्पूर्वीं तें एका चिनी वृक्षांतून अमेरिकेंत वेगळें काढण्यांत आलें होतें, आणि तें काढणाऱ्या दोघांपैकीं एक गृहस्थ आपल्या खानदेशचे! मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालीं नंदुरबार येथें झाला. मुंबई विद्यापीठांत शिकून ते अमेरिकेस गेले आणि उत्तर कॅरोलायना प्रांतांतील प्रयोगशाळेंत मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनीं १९६६ सालीं या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल हें दुसरें प्रसिद्ध औषधहि याच जोडीचें, सन १९७१. वाणी २०२० सालीं वारले.

आतां हें द्रव्य करतें काय? पेशीच्या आंत वंशाची सर्व नोंद एका दुपदरी, पीळदार धाग्यावर असते. पेशी दुभागण्यापूर्वीं ते पदर उलगडून त्यांची नक्कल व्हावी लागते. चऱ्हाटाचे पदर एका टोकाकडून ओढून वेगळे करूं गेल्यास पुढला पीळ घट्ट होऊन दोर आंखडतो, हें दोर वळणाऱ्यास सांगणें नको. यासाठीं पेशींत टोपोआयसोमरेज नांवाचा एक कारागीर आहे. तो एक पदर कापतो, पीळ सैल करतो आणि कापलेलीं टोकें पुन्हां सांधतो. कॅम्प्टोथेसिन नेमकें त्या कापलेल्या जागीं पाचरीसारखें बसतें व सांधा होऊं देत नाहीं. इतक्यांत नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन तेथें आदळते आणि दोन्ही पदर तुटतात. हें वर्म १९८५ सालीं उघडकीस आलें.

धागा असा जागोजाग तुटला व दुरुस्ती आटोक्याबाहेर गेली म्हणजे पेशी स्वतःच मरण पत्करते. ती आकसते, तिचे तुकडे पडतात व भोंवतालच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाहीं कीं पू नाहीं. या मरणास १९७२ सालीं अ‍ॅपॉप्टोसिस हें नांव मिळालें. तो ग्रीक शब्द पानगळीचा आहे, आणि मला तो फार समर्पक वाटतो. पळसाचें पान नुसत्या वाऱ्यानें गळत नाहीं. देठाशीं झाडानेंच आधीं तोड करून ठेविलेली असते.

कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभागत असल्यामुळें तडाखा त्यांस अधिक बसतो. परंतु केसांचीं मुळें, आंतड्याचें अस्तर व हाडांतील मज्जा यांच्या पेशीहि भराभर दुभागतात. म्हणून केस गळतात, जुलाब होतात, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. येथें मात्रेचा प्रश्न येतो. मूळ द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. १९७० च्या सुमारास त्याचें विरघळणारें क्षाररूप अमेरिकेंत रोग्यांस देऊन पाहिलें, तों कित्येकांस लघवीवाटे रक्त जाऊं लागलें आणि ते प्रयोग थांबवावे लागले. पुढें रेणूंत फेरफार करून टोपोटेकन व इरिनोटेकन तयार झालीं. १९९६ सालीं दोहोंस तेथें मान्यता मिळाली. तीं देतांनाहि मात्रा रोग्याच्या शरीराच्या मापावरून ठरवितात व प्रत्येक खेपेपूर्वीं रक्त तपासतात. काढ्यांत काय व किती उतरलें, हें कोण मोजणार? मोजणी न करतां क्षेत्र लिहिलेला कागद मीं नोकरींत कधीं पुढें जाऊं दिला नाहीं. शिवाय पुड्यांतील साल नरक्याची होती, याला तरी पुरावा काय? या द्रव्याच्या मागणीपायीं सह्याद्रींत नरक्याची बेसुमार तोड झाली आहे, तें वेगळेंच.

बंधूंस मीं इतकें सर्व सांगितलें. प्रथम ते रागावले. मग पुडा घेऊन माझ्यासह डॉक्टरांकडे आले. काढा घेतल्याचें त्यांनीं स्वतःच सांगितलें. रक्त तपासून झालें आहे. चुकलेली खेप पुढल्या सोमवारीं ठरली आहे.