जुन्या गाडीची तिकोनी काच : मूळ चौकट भंगारात टाकू नका

फियाट आणि अँबेसिडर या दोन गाड्यांवर आपल्या कित्येक कारागीर भावांची घरे चालली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट पुढे 'पद्मिनी' झाली आणि बंदही पडली. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. म्हणजे हे काम संपले, असे मात्र आम्हाला वाटत नाही. या गाड्या आता शौकिनांच्या हाती गेल्या आहेत, आणि शौकिनाला मूळ माल हवा असतो.

याला कायद्याचीही जोड मिळाली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांवर आहे, खिडकीच्या चौकटीवर नाही. पण एवढे पैसे भरणारा मालक दारातली तिकोनी काच काढून तिथे सपाट पत्रा बसवलेला खपवून घेईल काय?

ही काच पुढच्या दारात, मोठ्या काचेच्या पुढे असते. एसी नव्हता तेव्हा हाच पंखा होता. थोडी उघडली की आतली गरम हवा आणि धूर बाहेर ओढला जाई, पूर्ण फिरवली की वारा थेट अंगावर येई. एप्रिलमध्ये कसारा घाट चढलेल्यांना तिची किंमत सांगायला नको.

गाडी आल्यावर पहिले काम, चौकट कोणत्या धातूची आहे ते ओळखणे. लोहचुंबक चिकटला तर लोखंड. न चिकटल्यास आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी बारीक ओरखडा काढावा. पिवळा निघाला तर पितळ, करडा-पांढरा निघाला तर जस्ताचे ओतीव. लॉकचे हँडल बहुधा याच ओतीवाचे असते. हा फरक कळला नाही तर माल हातचा जातो. पितळाच्या चौकटीला डाख देता येतो, तडा भरता येतो. नाशिकच्या तांबट आळीने पिढ्यान्‌पिढ्या हेच हुन्नर सांभाळले. जस्ताचे ओतीव मात्र ४०० अंशांच्या आतच वितळते. त्याला गॅसची ज्योत दाखवली की डोळ्यांदेखत थेंब होऊन गळते.

प्लेटिंगचेही तसेच. जस्ताचा तुकडा तीव्र आम्लात बुडवला की खड्डे पडतात. त्याला आधी सायनाइडच्या टाकीतले तांब्याचे पुट लागते, मग निकेल, मग क्रोम. हे विष आहे, ते घरच्या बादलीत करण्याचे काम नव्हे. परवाना असलेल्या प्लेटिंगवाल्याकडेच द्यावे. क्रोमचे पुट एका मायक्रॉनहूनही पातळ असते, गंजापासून खरे रक्षण निकेल करते. म्हणून भाव ठरवताना निकेल किती जाड देणार, हे आधी विचारावे. पिनेची भोके झाकून द्यावीत, नाहीतर पुट चढून पिन बसत नाही. आणि तुकडा देताना फोटो काढून पावती घ्यावी. ग्राहकाची ती अमानत आहे. बाजारात तिचा जोड मिळेलच असे नाही.

खोलताना घाई नको. वरची पिन लहान असते. खालची लांब पिन दाराच्या आत उतरते आणि तिच्यावर स्प्रिंग, वायसर व नट असतो. दाराचे आतले पॅड काढल्याशिवाय तो दिसत नाही. गंजलेल्या नटाला गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवावे. काच हाताने ओढून फिरवू नये, पिन तुटते ती तिथेच.

काच फुटलेली असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापावा. कडक केलेली, म्हणजे टफन काच नंतर कापता येत नाही, कापायला गेले की तिचा भुगा होतो. आधी मापात कापून मग भट्टीत कडक करून घ्यावी, किंवा लॅमिनेटेड काच कापून घ्यावी. साधी खिडकीची काच स्वस्त पडते म्हणून कोणी बसवत असेल तर ते ग्राहकाच्या गळ्याशी सुरी ठेवण्यासारखे आहे. चौकट आधी सपाट फळीवर ठेवून सरळ करावी. वाकड्या चौकटीत टफन काच आज नाही तर उद्या फुटणारच. मग काचेच्या कडेला रबराची पट्टी गुंडाळून साबणाच्या पाण्याने हळूहळू दाबावी. हातोडी दूरच ठेवावी.

बाहेरचे रबर उन्हाने दगड झालेले असते. ईपीडीएम रबर घ्यावे, ते ऊन-वारा जास्त सोसते. त्याला तेल किंवा ग्रीस लावले की ते फुगते, हे नव्या पोरांना वारंवार सांगावे लागते.

शेवटी खालचा नट इतकाच आवळावा की काच बोटाने फिरेल, पण वाऱ्याने आपोआप मिटणार नाही. रबरात कागदाची पट्टी धरून काच बंद करावी आणि पट्टी ओढून पाहावी. जिथे ती सैल निघते, तिथून पाणी येणार. मग पाइपने पाणी मारून दाराच्या खालची भोके मोकळी आहेत ना, ते तपासावे. दार आतून कुजते ते बहुतेक वेळा ही भोके बुजल्यामुळे. ती साफ करण्याचे वेगळे पैसे मागू नयेत, पण केल्याचे बिलावर लिहावे.