आधी कागद, मग पडदा

लग्नकार्यात बनारसी शालूची घडी उलगडताना त्यावरील वेलबुट्टी प्रथम कागदावर जन्मास येते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. वाराणसीतील नक्शाबंद ती आधी साध्या कागदावर रेखाटतो. मग ती आलेख-कागदाच्या चौकटींत उतरते, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडली जातात आणि या पट्ट्या जॅकार्ड मागावर चढतात. कागदावरील फूल पुसता येते. छिद्रे पाडल्यावर बदल खर्चिक ठरतो. विणून झाल्यावर तर तो अशक्यप्राय होतो.

संगणक प्रणालीच्या निर्मितीतही हेच तत्त्व लागू पडते. एटीएम वा मोबाइल बँकिंगच्या पडद्यावर कोणता मजकूर व कोणते बटण कोठे असावे, याच्या कच्च्या रेखाटनास ‘वायरफ्रेम’ म्हणतात. त्यात रंग वा सजावट नसते. असतात केवळ रेषा, चौकटी आणि शब्द.

कच्चेपणाचे महत्त्व

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ तज्ज्ञांनी ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनामा मांडला. थोडे काम करावे, ते ग्राहकास दाखवावे व सुधारून पुढे जावे, हे या पद्धतीचे सार. कच्चे रेखाटन तिला पूरक ठरते. सुबक चित्र पाहणारा रंगांविषयी बोलतो. पेन्सिलीचे रेखाटन पाहणारा ‘यानंतर काय करायचे?’ असे विचारतो. शिवाय दहा मिनिटांत काढलेला कागद टाकून देताना कोणालाही हळहळ वाटत नाही.

एक उदाहरण

एनईएफटीद्वारे पाठविलेली रक्कम खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. एक अंक चुकला, तर निवृत्तिवेतनाची पुंजी परक्या खात्यात जाऊ शकते. म्हणूनच लाभार्थीचे नाव पडताळण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करावी, असे रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना सांगितले.

मात्र हे नाव पडद्यावर कोठे दिसावे? तीन कागद घ्यावेत : क्रमांक, रक्कम आणि संमती. नाव शेवटच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिले, तर बोट थेट ‘पाठवा’ या बटणाकडे जाण्याचा संभव असतो. तेच नाव रकमेच्या आधी, स्वतंत्र ओळीत व ठळक लिहून पाहावे.

चाचणी कशी घ्यावी?

१. ग्राहकास कागद देऊन एक काम सांगावे. बटणाऐवजी त्याने बोट ठेवावे.
२. मदत करू नये. बोट कोठे अडखळते, याची नोंद घ्यावी.
३. कागदावर खरे मराठी वा हिंदी शब्दच लिहावेत.
४. दुरुस्ती करून दुसऱ्या ग्राहकास दाखवावे.

पडद्याचा वेग किंवा उन्हातील सुवाच्यता कागदावर कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष यंत्रच हवे.

ग्राहकबंधू-भगिनींनो, असा कागद आपल्यापुढे आल्यास ‘मला हे समजले नाही’ असे निःसंकोच सांगावे. तेवढ्या एका वाक्याने दुसऱ्या कोणाची ठेव वाचू शकते.