राहणी आणि मान

देशाचें राहणीमान उत्पन्न, आरोग्य व शिक्षण यांवरून मोजितात. परंतु तेवढ्यानें सुख मोजलें जातें काय? लोधिवलीच्या आम्ही मंडळींनीं आपल्याच रायगड जिल्ह्यांतील उदाहरण घेऊं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्राएल लोक १९४८ नंतर बहुसंख्येनें इस्राएलांत गेले. तेथील उत्पन्न भारताहून पुष्कळ अधिक. २०२३ सालीं सरासरी आयुर्मानही सुमारें १० वर्षांनीं अधिक होतें. तथापि तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहसंबंधांविषयीं शंका काढिली, तेव्हां सुखसोयींनीं त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं चळवळ केली व १९६४ सालीं समान दर्जा मान्य करविला. कोंकणांत धन थोडें. पण धर्मासाठीं त्यांचा छळ झाला नव्हता. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, दोन देश तोलतांना भाकरीबरोबर मानही पारड्यांत घालावा.