रुग्णाला चावलेला प्रत्येक डास रोग पसरवतो का?

प्रश्न : रायपुरात उन्हाळाभर कूलर चालतात आणि पावसाळा लागला की डेंगी-चिकुनगुन्याची धास्ती सुरू होते. रुग्णाला चावलेला प्रत्येक डास पुढे रोग पसरवतो, की ते विषाणूच्या जनुकांवर ठरतं?
– एक वाचक, तात्यापारा, रायपूर

उत्तर : प्रत्येक डास पसरवत नाही, आणि त्यात विषाणूच्या जनुकांचा वाटा मोठा आहे. रुग्णाच्या रक्ताबरोबर विषाणू मादी डासाच्या आतड्यात जातो. तिथल्या पेशींत शिरून त्याला वाढावं लागतं, मग आतड्याची भिंत ओलांडून शरीरद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत पोचावं लागतं. वाटेत कुठेही अडला, तर ती मादी कितीही जणांना चावली तरी रोग देत नाही. डेंगीच्या विषाणूला हा प्रवास करायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात.

जनुकातला एक बदल काय करू शकतो, हे चिकुनगुन्याने दाखवलं. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर जवळजवळ एक तृतीयांश लोक आजारी पडले. तिथे हा रोग एरवी पसरवणारा एडिस इजिप्ती डास फारसा नव्हता. होता तो एडिस अल्बोपिक्टस. विषाणूच्या ई-१ या आवरण-प्रथिनात २२६ व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलं होतं. एवढ्यानेच अल्बोपिक्टसच्या आतड्यात शिरायला विषाणूची मात्रा सुमारे शंभरपट कमी पुरू लागली. २००७ मध्ये हाच बदल केरळात दिसला. तिथल्या रबराच्या मळ्यांत चिकाच्या वाट्यांत साठलेल्या पाण्यात अल्बोपिक्टस मुबलक वाढतो.

मग आपल्याकडच्या जुन्या साथींत असं का झालं नाही? १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तो विषाणू आशियाई वंशाचा होता. या वंशात ई-१ च्याच ९८ व्या जागी वेगळं अमिनो आम्ल असल्यामुळे २२६ चा बदल झाला तरी त्याचा उपयोग होत नाही. मला हा या संशोधनातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो : अल्बोपिक्टस आशियाचाच, तरी इथला विषाणू अनेक दशकं त्याच्याशी नीट जुळवून घेऊ शकला नाही. २००५ च्या अखेरीस भारतात परतलेला विषाणू आफ्रिकी वंशाचा होता, त्याच्यात ही अडचण नव्हती.

डेंगीचा विषाणू आणखी वेगळी युक्ती करतो. त्याच्या जनुकीय आराखड्याच्या टोकापासून आरएनएचा छोटा तुकडा उरतो. तो लाळग्रंथीतली डासाची प्रतिकारशक्ती दुबळी करतो.

रायपूरच्या कूलरमध्ये मात्र मुख्यतः इजिप्ती वाढतो, आणि त्याच्यात शिरताना विषाणूला २२६ च्या बदलाचा फायदा होत नाही. पण भारतातल्या चिकुनगुन्याच्या विषाणूंत नंतर ई-१ च्या २११ व्या आणि ई-२ या दुसऱ्या आवरण-प्रथिनाच्या २६४ व्या जागी बदल आढळले. प्रयोगशाळेत हे दोन बदल एकत्र आल्यावर इजिप्तीच्या शरीरातला विषाणूचा प्रसार वाढला. म्हणजे शहरातला डासही सुरक्षित धरता येत नाही.

विषाणूची जनुकं आपल्या हाती नाहीत, कूलर आहे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतल्या कडा ब्रशने घासा. अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात.