हवा हातात असेल तरच निखारा हातात

पावसाळा सरला की कर्जत-मुरबाडकडच्या फार्महाउसवर, पवना धरणाकाठच्या तंबूंशेजारी आणि शहरातल्या गच्च्यांवर बार्बेक्यूच्या शेगड्या पेटू लागतात. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात हीच लगबग उन्हाळ्यात दिसते. खरेदीचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. आधी मोठी, चकचकीत शेगडी पसंत करायची आणि मग जाता जाता मिळेल तो कोळसा उचलायचा. निखाऱ्यावर रांधताना येणारा अनुभव याच्या उलट सांगतो. शेगडीचा आकार, तिची किंमत, कोळशाच्या पिशवीवरचं नाव या सगळ्यांपेक्षा एक प्रश्न मोठा आहे. कोळशाला मिळणारी हवा तुम्हाला कमीजास्त करता येते का, आणि वेळ आली तर पूर्ण तोडता येते का? पदार्थाची चव, कोळशाचा खर्च आणि भोवती बसलेल्या माणसांचा जीव या तिन्ही गोष्टी याच्या उत्तरावर ठरतात. म्हणून कोणता कोळसा घ्यावा, कोणती शेगडी घ्यावी आणि ती कुठे मांडावी, हे सगळं याच एका अंगानं ठरवावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कोळसा म्हणजे काय, इथून सुरुवात केली की हे पटायला जड जात नाही. भट्टीत लाकूड रचून, मातीनं लिंपून, जेमतेम हवेत तापवलं की त्यातलं पाणी आणि धूर करणारी द्रव्यं निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. चांगल्या कोळशात तो तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त असतो. म्हणूनच सुक्या लाकडाच्या मानानं तेवढ्याच वजनाचा कोळसा जवळजवळ दुप्पट उष्णता देतो आणि नीट पेटल्यावर ज्वाळा किंवा धूर जवळजवळ करतच नाही. कार्बनला भरपूर हवा मिळाली तर निखारा लाल होऊन कडक उष्णता देतो. हवा कमी केली की तो मंदावतो आणि पूर्ण तोडली की विझतो. गॅसच्या शेगडीत आपण इंधन कमीजास्त करतो. कोळशाच्या शेगडीत इंधन आधीच टाकलेलं असतं, त्यामुळे फिरवायला हातात उरते ती फक्त हवा.

आता कोळशाकडे वळू. आपल्याकडे सुटा मिळतो तो बहुतेक बाभळीचा, वेड्या बाभळीचा किंवा मिश्र लाकडाचा. करवंटीचा कोळसा आणि त्याच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्याही आता सहज मिळतात. घेताना पिशवी उघडून चार तुकडे हातात घ्यावेत. पक्का कोळसा वजनाला हलका, मोडल्यावर काळाभोर आणि चमकदार असतो, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतो. तपकिरी डाग दिसले, लाकडाची साल शाबूत असली किंवा आवाज बद्द आला, तर तो कच्चा राहिला आहे असं समजावं. राहिलेला धूर मग तुमच्या अंगणात निघणार आणि डोळ्यांत व पदार्थात जाणार. तळाशी भुकटी फार असली तरी पिशवी परत ठेवावी, कारण ती तुकड्यांमधल्या फटी बुजवते आणि हवेची वाटच बंद करते. कोळसा हवेतली ओल शोषतो. पावसाळाभर गोणीत उघडा पडलेला माल पेटायला त्रास देतो आणि तडतडून ठिणग्या उडवतो, म्हणून तो झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा. खाणीतला दगडी कोळसा मात्र अन्नाखाली कधीही वापरू नये. त्यातलं गंधक आणि इतर घातक द्रव्यं धुरावाटे थेट अन्नात उतरतात.

ब्रिकेटविषयी, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या या वड्यांविषयी, दोन टोकाची मतं ऐकू येतात. काहींना त्या भेसळ वाटतात, तर काहींना लाकडी कोळशापेक्षा सरस. अमेरिकेत त्यांचा प्रसार झाला तो 1920 च्या दशकात, हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचे उरलेले तुकडे कोळसा करून वड्यांच्या रूपात विकले जाऊ लागले तेव्हा. पुढे तोच धंदा किंग्सफर्ड या नावानं ओळखला गेला. ब्रिकेटमध्ये कोळशाची भुकटी स्टार्चनं बांधलेली असते आणि काही प्रकारांत चुनखडीसारखे पदार्थही घालतात. त्यामुळे राख जास्त पडते. पण सगळे तुकडे एका मापाचे असल्यानं त्यांच्यामधून हवा सारखी खेळते आणि आच तासभर एकसारखी राहते. लाकडी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो आणि लवकर संपतो. तेव्हा पापलेट, कोळंबी, पनीर, कणसं अशा झटपट होणाऱ्या गोष्टींना लाकडी कोळसा आणि अख्ख्या कोंबडीला किंवा मटणाच्या मोठ्या तुकड्याला ब्रिकेट, ही वाटणी सरळ आहे. टाळायच्या त्या पेटवण्याचं द्रव्य आधीच मुरवलेल्या, काडी लावताच भडकणाऱ्या ब्रिकेट. ते द्रव्य पुरतं जळून जाईपर्यंत अन्न वर ठेवता येत नाही आणि मध्येच नवी भर घालायची तर तोच वास पुन्हा उठतो.

यावर पहिला आक्षेप चवीचा येतो. कोळशाच्या जातीनं चव बदलते, मग निवड हवेवरून कशी करायची? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या धुंगाराच्या रीतीतच आहे. पेटता निखारा वाटीत ठेवून ती भांड्यात ठेवली, तर नुसत्या निखाऱ्याला म्हणण्यासारखा वास नसतो. त्यावर चमचाभर तूप सोडलं की क्षणात धूर उठतो आणि झाकण ठेवल्यावर डाळ असो की भरीत, त्याला सुवास लागतो. तो तुपाच्या धुराचा असतो. शेगडीवरही हेच घडतं. मसाल्यातलं तेल, मांसातली चरबी आणि रस निखाऱ्यावर ठिबकतात, त्यांची वाफ-धूर होऊन वर येतो आणि निखाऱ्याची प्रखर आच पदार्थाचा पृष्ठभाग खरपूस करते. लाकडातली सुगंधी द्रव्यं तर भट्टीतच उडून गेलेली असतात. लाकडाचाच वास हवा असेल, तर आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या लाकडाची ढलपी निखाऱ्यावर टाकावी. कोळशाकडून अपेक्षा एवढीच, की त्यानं स्वतःचा वाईट वास देऊ नये आणि हवेप्रमाणे आच द्यावी.

शेगडीची पारख याच कसोटीवर करावी. 1952 मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या पोकळ बोयाचे दोन भाग करून, खालच्याला पाय आणि वरच्याला मूठ लावून झाकणाची शेगडी केली. तीच पुढे वेबर केटल म्हणून जगभर गेली. तिच्यात गुंतागुंतीचं काहीच नाही: खाली हवा आत घेणारी झडप, वर ती बाहेर सोडणारी झडप आणि मधे घट्ट बसणारं झाकण. तेवढ्यावर तिच्यात मासाही भाजता येतो आणि तीन तास मंद आचेवर मांसही शिजवता येतं. म्हणून दुकानात आधी झाकण लावून कडेनं फट दिसते का ते पाहावं आणि झडपा पूर्ण मिटतात का ते फिरवून पाहावं. कोळसा तळाच्या पत्र्यावर बसतो की जाळीवर, हे तिसरं पाहायचं. जाळी नसेल तर राख साठली की खालून हवा मिळत नाही. पदार्थ आणि निखारा यांत वीतभर अंतर असावं आणि सगळा कोळसा एका बाजूला सारून दुसरी बाजू मोकळी ठेवण्याइतकी रुंदी असावी. पातळ पत्रा दोन-चार वापरांतच वाकतो आणि वाकला की झाकण बसत नाही, म्हणून जाड पत्र्याची लहान शेगडी पातळ पत्र्याच्या मोठ्या शेगडीपेक्षा केव्हाही बरी. घरी जुगाड करणाऱ्यांनी कुंपणाची जस्त चढवलेली जाळी अन्नाखाली घालू नये. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळतं आणि निखारे त्याहून कितीतरी जास्त तापतात.

मग मोहम्मद अली रोडवरचे कबाबवाले उघड्या शेगडीवर इतकं सुरेख कसं भाजतात, असं कुणी विचारेल. त्यांचं काम नीट निरखावं. शेगडी अरुंद आणि लांब असते, सळया तिच्या कडांवर टेकवलेल्या असतात आणि भाजणाऱ्याच्या हातात पंखा असतो. आच हवी तिथे तो वारा घालतो, नको तिथे थांबतो, राख झटकतो, सळई सरकवतो. झडपेचं काम तिथे हात करतो आणि तो हात शेगडीपासून हलत नाही. पातळ, लवकर शिजणाऱ्या तुकड्यांना ही पद्धत उत्तमच आहे. घरचा यजमान मात्र पाहुण्यांशी बोलतो, पाणी आणायला आत जातो, मुलांकडे पाहतो. कोंबडीची तंगडी आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत पोचायला हवी, असं अमेरिकी कृषी खात्याचं मार्गदर्शन आहे. उघड्या शेगडीवर तिथवर पोचेतो बाहेरचा भाग कोळसा होतो. झाकणाखाली, निखाऱ्यांपासून बाजूला ठेवलेली तंगडी मात्र निवांत शिजते.

पेटवताना धीर धरावा. चिमणी स्टार्टर म्हणून जे पत्र्याचं नळकांडं मिळतं, त्यात वर कोळसा आणि खाली तेल लावलेला कागद पेटवून ठेवला की गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत निखाऱ्यांवर राखाडी साय धरते. तोपर्यंत अन्न ठेवू नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यांतलं काहीही वापरू नये, आणि मंद वाटणाऱ्या निखाऱ्यावर तर कधीच ओतू नये. त्यांची वाफ भडकते आणि ज्वाळा बाटलीपर्यंत मागे येते. निखारा मंद असेल तर त्याला इंधन कमी पडलेलं नसतं, हवा कमी पडलेली असते. राख झटका, झडप उघडा, वारा घाला.

सर्वात कळकळीनं सांगायची गोष्ट हीच, की अपुऱ्या हवेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. राख धरलेला, विझल्यासारखा दिसणारा निखारा तर जास्त फसवतो, कारण धूर नसल्यानं तो निरुपद्रवी वाटतो. म्हणून पवनेच्या काठी रात्री थंडी वाजली तरी शेगडी तंबूत घेऊ नये, पाऊस आला तरी ती खोलीत सरकवू नये आणि काचा लावलेली बाल्कनी ही खोलीच समजावी. खिडकी उघडी आहे, पंखा चालू आहे, हे बचाव पुरेसे नाहीत. अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर घरात न जाळण्याचा इशारा छापणं बंधनकारक आहे. तिथल्या बऱ्याच भागांत लागू असलेल्या अग्निसुरक्षा संहितेनुसार अपार्टमेंटच्या जळाऊ बाल्कनीत किंवा जळाऊ बांधकामापासून 10 फुटांच्या आत कोळशाची शेगडी सर्वसाधारणपणे वापरता येत नाही. आपल्या गच्चीवरही मांडवाच्या कापडापासून, सुक्या पानांपासून आणि गॅसच्या सिलिंडरपासून तेवढं अंतर राखावं.

आरोग्याचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. मांस फार तापलं, करपलं किंवा चरबीच्या ज्वाळांत सापडलं की त्यात घातक संयुगं बनतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचा कर्करोगाशी संबंध दिसला आहे. माणसांच्या बाबतीत अभ्यासांनी तो निर्णायकपणे प्रस्थापित केलेला नाही. इथेही उपाय आचेवर ताबा ठेवण्याचाच आहे. ज्वाळा उठल्या की झाकण लावून हवा कमी करावी, तुकडे वारंवार उलटावेत, मसाल्यात मुरवावेत आणि करपलेला भाग काढून टाकावा. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरू नये, कारण सुटलेली तार अन्नातून पोटात जाऊ शकते. सळईला टोचलेला अर्धा कांदा गरम जाळीवर फिरवला तरी काम होतं.

प्रदूषणाचा प्रश्नही रास्तच. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. रोज जळणाऱ्या भट्टीची आणि महिन्यातून एखाद्या संध्याकाळच्या शेगडीची तुलना होत नाही हे खरं, पण शेजाऱ्याच्या खिडकीत जाणारा धूर धूरच असतो. दाट वस्तीत गॅसची किंवा विजेची ग्रिल घ्यावी. चवीत थोडी तडजोड होईल, ती करावी. मोकळं अंगण आहे त्यांनी पक्का कोळसा घ्यावा, वेड्या बाभळीचा किंवा करवंटीचा मिळाला तर उत्तम, आणि लागेल तेवढाच जाळावा. झडपा मिटून विझवलेला उरलेला कोळसा पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतो, ही बचत उघड्या शेगडीत नाही. राख मात्र एक-दोन दिवस आत धगधगू शकते, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच काढावी, कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत नव्हे.

तेव्हा खरेदीचा क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा; उघडं आकाश नसेल तर कोळशाचा विचारच सोडा. मग काय भाजणार ते ठरवा आणि त्यावरून कोळसा. शेगडी शेवटी. दुकानदार जाळीवर किती माणसांचं जेवण मावतं ते सांगेल. तुम्ही झाकण लावा, दोन्ही झडपा मिटा आणि हवा आत शिरायला कुठे जागा उरते का ते पाहा. जी शेगडी तुम्हाला हवी तेव्हा बंद करता येत नाही, ती कितीही मोठी आणि देखणी असली तरी घेऊ नका.