दोन घरे, दोन जाळी आणि परतीची वाट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या जाळ्यांवर लिहावे, हे काही गुरुजनांना आगंतुकपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. आजीच्या ओव्यांनी मला तिकडे नेले.

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी आणि माझी चुलत बहीण, ताई, अशा दोघांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्यांची लिखित संहिता तयार केली. आमचे बिऱ्हाड वाड्याच्या माडीवर, काकांचे तळमजल्यावर. संहिता पेन ड्राइव्हमधून वर-खाली नेता नेता तिच्या दोन प्रती झाल्या. वरच्या प्रतीत मी दुरुस्त्या करी, खालच्या प्रतीत ताई. एके दिवशी आजीला वाचून दाखवू लागलो तेव्हा ती म्हणाली, "हे मी असं म्हटलंच नव्हतं रे. परवा ताईनं वाचलं ते बरोबर होतं." पाठभेद कसे निर्माण होतात, हे आम्ही वर्गात शिकत होतो आणि घरी तेच निर्माण करीत होतो! आजीने ऐंशी ओलांडली आहे. एखादा शब्द एकदा बिघडला, तर तिच्यामागे तो कोण सांगणार?

तेव्हा एकच संहिता काकांच्या संगणकावर ठेवावी आणि माडीवरून तीच उघडावी, असे ठरले. मी उत्साहाने दोन्ही घरांच्या राउटरमध्ये सरळ एक तार जोडली. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांचे इंटरनेट बंद! काका एवढेच म्हणाले, "आधी होतं ते तरी चालू करून दे." मग मात्र मी अभ्यासाला बसलो.

पत्त्याची रचना

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. प्रचलित जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असून प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. या पत्त्याचे मर्म समजण्यास आपला पिनकोड उपयोगी पडेल. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याच्या सहा अंकांपैकी पहिले तीन अंक पत्र कोणत्या टपाल जिल्ह्याकडे धाडावे हे सांगतात. शेवटचे तीन अंक तेथील टपाल कार्यालय दाखवितात. दूरच्या कर्मचाऱ्याला गल्ली ठाऊक असण्याचे कारण नाही. दिशा कळली की पुरे.

संगणकाचा पत्ताही असाच दुभंगलेला असतो. २५५.२५५.२५५.० हा 'मास्क' लावला, की पहिले तीन आकडे जाळ्याचे आणि शेवटचा यंत्राचा, असा अर्थ होतो. निरोप पाठविण्यापूर्वी संगणक आपले आणि समोरच्याचे जाळे ताडून पाहतो. दोन्ही एकच असतील तर निरोप थेट हातात देतो. वेगळी असतील तर 'गेटवे'च्या, म्हणजे बहुधा घरच्या राउटरच्या, स्वाधीन करतो. घरातल्या माणसाला आपण हाक मारतो. परगावचे पत्र पेटीत टाकतो, तसेच हे.

आमचा घोटाळा येथेच होता. खाजगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ या दस्तऐवजात त्यांची नोंद आहे, १९२.१६८ ने सुरू होणारे सर्व पत्ते त्यांत येतात. ते कोणीही आपल्या घरी वापरावेत. आमच्या दोन्ही राउटरांनी नेमका १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेतला होता आणि दोघेही घरातील यंत्रांना पत्ते वाटीत होते. एका गावात एकाच नावाची दोन टपाल कार्यालये उघडावीत, तसा प्रकार झाला. म्हणून पहिले काम नामकरणाचे: आमचे जाळे १९२.१६८.१.० ठेवले, काकांचे १९२.१६८.२.० केले.

मधला संगणक

दोन जाळ्यांच्या मध्ये दोन्हीकडे पाय असलेला कोणीतरी हवा. अडगळीतल्या एका जुन्या संगणकात मी दोन नेटवर्क कार्डे बसविली आणि त्यावर लिनक्स घातले. एका कार्डाला १९२.१६८.१.२ व दुसऱ्याला १९२.१६८.२.२ असे कायमचे पत्ते दिले. हे पत्ते राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचे असावेत. नुसती कार्डे बसविल्याने मात्र भागत नाही. स्वतःसाठी नसलेला निरोप पुढे देण्याची सोय लिनक्समध्ये सामान्यतः बंद असते. 'आयपी फॉरवर्ड' या नोंदीतील ० चा १ केला, म्हणजे तो संगणक राउटर होतो.

त्यानंतर आमच्या राउटरच्या मार्गकोष्टकात एक ओळ लिहिली: १९२.१६८.२.० या जाळ्याचे सर्व निरोप १९२.१६८.१.२ कडे द्यावेत. बाकीचे पूर्वीप्रमाणे इंटरनेटकडे जातात. अनेक नोंदी लागू पडत असतील, तर अधिक नेमकी नोंद श्रेष्ठ मानावी, हा मार्गनिर्णयाचा मूळ नियम होय.

परतीची वाट

आता सर्व सिद्ध झाले असे समजून मी काकांच्या संगणकाला 'पिंग' केले. उत्तर नाही. छपाईयंत्राला केले; तेही गप्प. दोन संध्याकाळी मी तारा, कार्डे आणि आकडे तपासण्यात घालविल्या. शेवटी मधल्या संगणकावर येणारे-जाणारे निरोप दाखविणारा 'टीसीपीडंप' चालविला, तेव्हा उलगडा झाला. माझा निरोप खाली बिनचूक पोहोचत होता. परत काहीच येत नव्हते.

कारण अगदी साधे होते. खालच्या यंत्रांनी उत्तर दिले होते. पण १९२.१६८.१ हे जाळे त्यांचे नव्हे, म्हणून ते उत्तर त्यांनी आपल्या राउटरकडे दिले. त्या राउटरला आमच्या माडीचा पत्ताच ठाऊक नव्हता. त्याने ते इंटरनेटच्या दिशेने ढकलले आणि खाजगी पत्त्याचा तो निरोप तेथे वाया गेला. मी जाण्याची वाट सांगितली होती, परतीची नाही. काकांच्या राउटरमध्ये दुसरी ओळ लिहिली: १९२.१६८.१.० चे निरोप १९२.१६८.२.२ कडे द्यावेत. तत्क्षणी छपाईयंत्राने उत्तर दिले!

काकांचा संगणक मात्र अजून गप्पच. वाट एकच असताना छपाईयंत्र बोलते, त्या अर्थी दोष वाटेचा नव्हे, दाराचा. विंडोजची 'फायरवॉल' फाइली देण्याघेण्याची मुभा घरच्या जाळ्यात सहसा शेजारच्याच पत्त्यांना देते. तिला आमच्या जाळ्याची ओळख करून दिली आणि संहिता माडीवर उघडली.

मधल्या संगणकाने सर्व निरोपांवर स्वतःचाच पत्ता घातला असता, तर परतीच्या नोंदीची गरज पडली नसती. 'नॅट' म्हणतात तो हाच उपाय. परंतु मग आम्हाला खाली जाता आले असते आणि ताईला वर येता आले नसते. शिवाय तिच्याकडे कोण आले, हेही तिला कळले नसते. एकाच घरातल्या दोन बिऱ्हाडांत असला एकतर्फी व्यवहार मला पटला नाही.

सारांश, दोन जाळी जोडताना त्यांना वेगळी नावे द्यावीत, मध्ये निरोप पुढे देणारा ठेवावा, वाट दोन्ही बाजूंनी नोंदवावी आणि दारांची चौकशी सर्वांत शेवटी करावी. उत्तर आले नाही, म्हणजे निरोप पोहोचला नाही असे समजू नये. आधी परतीची वाट पाहावी.

आता संहिता एकच आहे. जुन्या दोन प्रतींतील भेद मिटविणे मात्र राउटरच्या आवाक्यातले नव्हे. त्यासाठी ताई वर येते आणि आम्ही दोघे आजीजवळ बसतो. आजी ओवी पुन्हा म्हणते, ठरवते. काही ठिकाणी ती म्हणाली, "दोन्ही बरोबर. दळण जास्त असलं की असं म्हणायचं, कमी असलं की तसं." तेथे आम्ही दोन्ही पाठ ठेवले आहेत.