कॅमेरॉन नावाबद्दल

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

काल दादाचा फोन आला. लेकीचं नाव तुम्ही कॅमेरॉन ठेवणार, आणि गेलिक भाषेत त्याचा अर्थ म्हणे 'वाकडं नाक'! रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. अगं, इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलला आणि त्या पोरीला जन्मभर वाकड्या नाकाची म्हणायचं? आपल्याकडेही वाकडे, टकले, बोबडे आहेतच. पण ती आडनावं. पाळण्यात कुणी घालतं का ती? शिवाय स्कॉटलंडातलं हे कॅमेरॉन घराणं लढायांचं. १७४५ साली लोखीलच्या कॅमेरॉनने आपली माणसं प्रिन्स चार्ल्सच्या मागे उभी केली आणि पुढच्याच वर्षी कलोडनला सगळ्यांची वाताहत झाली. एवढंसं बाळ ते, त्याच्यावर हे ओझं कशाला?

रागावू नकोस. सकाळी वहिनी म्हणाली, कॅमेरॉन हे तुझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव. त्या नातीचं तोंड न बघताच गेल्या. आईच्या माहेरचं आडनाव लेकरांना द्यायची तिकडे जुनी रीत आहे म्हणे. जुन्या थडग्यांवरही बाईचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. ते ऐकलं आणि माझा आवाजच बसला. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. आईने ठेवलेलं नाव त्या दिवशी सुटलं. आता त्या नावाने हाक मारायला एकटा दादा उरलाय. तेव्हा एकदा तरी 'नको' म्हणायला हवं होतं, ही रुखरुख अजून जात नाही.

नाकाचं मनातून जात नाहीच, खरं सांगते. पण नाकाच्याच शब्दाने तिकडे डोंगराच्या सोंडेलाही ओळखतात, असं कळलं. कुणी विचारलं तर सोंडेचं सांग, बाई. ठेव कॅमेरॉन. फक्त बारशाला कानात आपल्या आजीचंही नाव सांगा. आत्याचा मान तुझ्या नणंदेचा. तिला फोनवर 'कुर्रर्र' म्हणायला मी शिकवीन.

डिंकाचे लाडू करून ठेवलेत, येणाऱ्या कुणाबरोबर तरी देते. टोपरं विणायला घेतलंय, बाळीच्या डोक्याचं माप कळव. आणि रात्री ती निजली की तूही नीज गं, भांडी राहू देत तशीच.

तुझी,
आत्या